राणीची बाग : सासू-सासरे आणि मुलं, सगळ्यांना घेऊन पूर्ण दिवस घालवण्यासारखी आहे का?

मृण्मयी_ठाणे
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी माझे सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे येतायत. मामंजी पंचाहत्तरीचे. चालतात, पण मधेमधे टेकायला लागतं. आईंना झाडांचं प्रचंड वेड. लेक सहावीत आहे, तिला शाळेत 'माझं शहर' असा इतिहासाचा प्रकल्प दिलाय. धाकटा पहिलीत आणि त्याला फक्त आणि फक्त पेंग्विन बघायचेत.

या चौघांना एकाच ठिकाणी नेता येईल अशी जागा शोधताना भायखळ्याची राणीची बाग डोक्यात आली. नवरा म्हणतो दोन तासांत सगळं बघून होतं, मग मॉलमध्ये जाऊ. मला मॉल नकोय. आई-मामंजी वर्षातून एकदा येतात, त्यांना मुंबईतलं काहीतरी खरंखुरं दाखवावं असं वाटतं. तिथे दिवसभर रमण्यासारखं आहे का? कुठून सुरुवात करावी? ज्येष्ठांना कितपत झेपेल? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

चिंचपोकळीकर
दोन तास? अहो ताई, आमचा जन्म गेला त्या बागेत.

वडील गिरणीत होते. गिरणीला सुट्टी असली की आई डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी भरायची, आम्ही चार भावंडं आणि शेजारच्या खोलीतली दोन पोरं असं लटांबर चालत निघायचं. बसचे पैसे वाचवून तिथे हत्तीवर बसायचं. हत्तीवर बसायला मिळायचं तेव्हा! वर चढायला लाकडी पायऱ्या होत्या. हत्ती चालायला लागला की पहिल्या दोन पावलांना पोटात गोळा यायचा, मग घोषणा द्यायला सुरुवात. गिरणगावातल्या कुठल्याही साठीच्या माणसाला विचारा, ही आठवण असणारच.

बाग ५३ एकरांची आहे. मुंबईत एका कुंपणाच्या आत एवढी सावली दुसरीकडे दाखवा. मामंजींना टेकायला बाकं भरपूर. बिनधास्त न्या.

निखिल_डोंबिवली
मी स्पष्ट सांगतो, प्राणी बघायचे असतील तर तासा-दीड तासाच्या वर काही नाही. पेंग्विन, वाघ, पाणघोडा, अस्वल, पक्ष्यांचा मोठा पिंजरा, संपलं. रविवारी तर गर्दी इतकी की काचेपाशी माणसांच्या पाठीच दिसतात. तुमच्या मिस्टरांशी सहमत.

रानजाई
निखिल, प्राणी बघायचे असतील तर तुझं बरोबर आहे. पण ही बाग प्राण्यांसाठी झालेलीच नाही. ती मुळात वनस्पतिउद्यान म्हणून उभी राहिली, प्राणी मागाहून आले. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रिअर यांच्या हस्ते उद्घाटन झालं. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या त्या पत्नी. त्याआधी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग शिवडीला होती. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्याला आली. १८७३ मध्ये ती पालिकेच्या ताब्यात आली. तेव्हापासून दीडशे वर्षं कुणी ना कुणी माळी त्या झाडांना पाणी घालत आलाय.

मृण्मयी, तुझ्या सासूबाईंसाठी लिहिते, सावकाश वाच.

जानेवारीचा शेवट म्हणजे उर्वशी फुलण्याचे दिवस. मूळ ब्रह्मदेशातलं झाड, शास्त्रीय नाव ॲमहर्स्टिया नोबिलिस. एकोणिसाव्या शतकात वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते तिथल्या एका मठाच्या बागेत सापडलं आणि लेडी ॲमहर्स्ट यांचं नाव त्याला मिळालं. भारतात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं. फुलांचा घोस झुंबरासारखा खाली लोंबतो, गुलाबी-लाल पाकळ्या आणि टोकाला पिवळा ठिपका. फुलं नसली तरी निराश होऊ नका, कोवळी पालवी बघा. तांबूस-जांभळट पानांचे झुबके अगदी मलूल होऊन लटकलेले असतात. झाड वाळलंय असं वाटतं, पण ती पालवी चार-आठ दिवसांत हिरवी होऊन ताठ होते.

मग कैलासपती. याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, खोडातूनच फुटलेल्या दोरखंडांसारख्या काटक्यांवर येतात. फूल हातात घेऊन मध्ये बघायचं. खाली पिंडीसारखा भाग आणि त्यावर पुंकेसरांची फणी वाकलेली. म्हणून आपल्याकडे देवळांच्या आवारात हे झाड लावतात. झाड मात्र मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फूल सुगंधी आणि पिकून फुटलेलं फळ महादुर्गंधी. मुलांना दोन्ही वास द्या, जन्मात विसरणार नाहीत. फळं तोफगोळ्याएवढी असतात, त्यामुळे झाडाच्या अगदी बुंध्याशी बसू नका.

खरा सीतेचा अशोक तिथे आहे. आपण सोसायट्यांमधून अशोक म्हणून जे उंच सरळसोट झाड लावतो ते वेगळं. सीतेच्या अशोकाला नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ येतात, तेही जून फांद्यांवर. फेब्रुवारीत रंग चढतो, जानेवारी अखेरीस सुरुवात झालेली असते. शिवाय गोरखचिंच म्हणजे बाओबाब, पानाचा द्रोण होतो तो कृष्णवड, खोडावर मेणबत्त्या लटकल्यात असं वाटावं ते मेणबत्तीचं झाड, आणि लाल फुलांचा ब्राउनिया. २००९ च्या सुमारास नागरिकांनी केलेल्या मोजणीत तीन हजारांवर झाडं आणि पावणेतीनशेहून जास्त जाती नोंदवल्या गेल्या. दक्षिण मुंबईत एवढी विविधता दुसऱ्या कुठल्या एका बागेत नाही.

झाडांसाठी सकाळ चांगली. ऊन तिरपं असतं, पक्षी असतात आणि गर्दी यायची असते.

अमोघ७९
सासूबाईंना रानजाईताईंच्या हवाली करा, धाकट्याला पेंग्विनपाशी सोडा, आणि तुम्ही दोघं नवराबायको निवांत बाकावर बसा. दिवस सार्थकी! :)

मृण्मयी_ठाणे
रानजाईताई, तुमचा प्रतिसाद आईंना फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, 'उर्वशी म्हणजे नक्की कुठल्या बाजूला ते विचारून ठेव.' आता मॉलचा विषयच संपला. :)

लेकीच्या प्रकल्पासाठी कुणी सांगेल का?

जुनीपाने
लेकीसाठी तर इथे खजिनाच आहे. बागेच्या दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, मुंबईतलं सगळ्यात जुनं. मध्यंतरी दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होतं, आता पुन्हा उघडलंय. तिकीट वेगळं काढावं लागतं.

याची गोष्ट सहावीच्या मुलीला नक्की आवडेल. १८६२ मध्ये बागेबरोबरच संग्रहालयाचीही पायाभरणी झाली. पैसा लोकवर्गणीचा. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, डॉ. जॉर्ज बर्डवूड ही मंडळी त्यामागे. तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला होता, कारण अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि सगळा व्यापार मुंबईच्या कापसावर आला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, कापसाचे भाव कोसळले, शेअरचा फुगा फुटला, बँका बुडाल्या आणि संग्रहालयाचं बांधकाम अर्ध्यावर राहिलं. पुढे सरकारने पैसे घातले आणि २ मे १८७२ ला ते लोकांसाठी उघडलं. म्हणजे अमेरिकेतल्या लढाईमुळे भायखळ्यातली इमारत रखडली. एवढ्या एका गोष्टीवर तिचा अर्धा प्रकल्प होईल.

नाव तेव्हा व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियम. १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजींचं नाव दिलं. इमारत फार वाईट अवस्थेत गेली होती. २००३ नंतर महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून जीर्णोद्धार केला. युनेस्कोचा २००५ चा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार त्या कामाला मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत दालनं पुन्हा खुली झाली.

आत शिरल्यावर घाई करू नका. आधी खाली बघा, मिंटनच्या रंगीत फरशा आहेत, इंग्लंडहून आणलेल्या. मग वर बघा, छताला आणि खांबांच्या माथ्यांना सोन्याचा वर्ख. लोखंडी खांब, नक्षीचे कठडे, मधोमध प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. वरच्या मजल्यावर मुंबईचं दालन आहे. तिथली मातीची छोटी माणसं मला सगळ्यात प्रिय. मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे लोक त्यांच्या पगड्यांसकट, पागोट्यांसकट, लुगड्यांसकट घडवलेत. पगडीची ठेवण बदलली की माणूस कोण ते कळायचं, हे मुलांना दाखवता येतं. जुने नकाशे आहेत, सात बेटांमध्ये भर घालून एक शहर कसं झालं ते त्यात दिसतं. पारशांच्या दखम्याची, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याची, प्रतिकृती आहे. लेकीला वही-पेन्सिल द्या, तास-दीड तास ती हलणार नाही.

गोंयकार_म्हापसा
भाऊ दाजी आमचे! १८२२ चा जन्म, गोव्यातल्या मांद्रेचा. तिथून मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीत डॉक्टर झाला, कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी धडपडला, शिवाय जुने शिलालेख आणि नाणी वाचणारा संस्कृतज्ञ. १८६९ मध्ये मुंबईचा शेरीफ झाला, त्या पदावर बसलेला पहिला भारतीय. मुंबईला कामानिमित्त येतो तेव्हा वेळ काढून त्या संग्रहालयात जातोच. मृण्मयीताई, लेकीला या माणसाबद्दल नक्की सांगा.

पाठारे_प्रभाकर
बाहेरच्या दोन गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत.

एक, दगडी हत्ती. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा हे नाव ज्याच्यावरून दिलं, तो हाच. बेटावर धक्क्याजवळ उभा होता. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना यारी (क्रेन) मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून टाकले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा उभे केले. जवळ जाऊन बघा, सांधे दिसतात. लेणी बघून आलेल्यांपैकी शंभरातले नव्वद लोक ज्याच्या नावाने बेट ओळखतात तो हत्ती न बघताच घरी जातात.

दोन, खरा काळा घोडा. फोर्टात काळा घोडा म्हणतात तिथे २०१७ पासून जो आहे त्याच्यावर स्वार नाही. मूळ पुतळा राजा सातवा एडवर्ड घोड्यावर बसलेला असा होता, शिल्पकार बोह्म, देणगी अल्बर्ट ससून यांची. स्वातंत्र्यानंतर रस्त्यांवरचे इंग्रजांचे पुतळे हलवले, त्यात १९६५ मध्ये हाही राणीच्या बागेत आला. संग्रहालयाच्या मागच्या आवारात खुद्द राणी व्हिक्टोरियाही बसली आहे, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून झालेला पुतळा.

आणि ज्या बागेला या राणीचं नाव होतं, तिचं अधिकृत नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. आत जिजाऊ आणि बाल शिवबांचा पुतळा आहे. आई-मामंजींना तिथे जरूर न्या. साताऱ्याची माणसं, हात जोडल्याशिवाय पुढे जाणार नाहीत.

निखिल_डोंबिवली
हत्तीचं खरंच माहीत नव्हतं. घारापुरीला मी कितीतरी वेळा गेलोय. जाऊन बघतो.

तरी पेंग्विनबद्दल माझं मत ठाम आहे. बर्फातला पक्षी मुंबईत आणून एसीत ठेवायचा हे मला पटत नाही.

डॉ_सुलेखा
निखिल, पटणं न पटणं वेगळं, पण हे बर्फातले पेंग्विन नव्हेत. हे हम्बोल्ट जातीचे. पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्यावर राहतात, आणि तो किनारा जवळपास वाळवंटी आहे. समुद्रातून थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह जातो, त्यात मासे भरपूर, म्हणून हे पक्षी तिथे. दालनात बर्फाचे डोंगर नाहीत म्हणून पुष्कळ मुलं हिरमुसतात. त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आणले. त्यातला एक काही महिन्यांतच दगावला, तेव्हा शहरात मोठं वादळ उठलं होतं आणि उठायलाच हवं होतं. मार्च २०१७ मध्ये दालन लोकांना खुलं झालं. १५ ऑगस्ट २०१८ ला जन्मलेलं पहिलं पिल्लू जगलं नाही, पण पुढची पिल्लं जगली आणि संख्या वाढली. पशुवैद्य म्हणून सांगते, बंदिवासात प्रजनन होणं आणि पिल्लं जगणं ही चांगली खूण आहे. तरीही जो पैसा आणि जे लक्ष पेंग्विनला मिळालं ते आपल्या देशी प्राण्यांना आधी मिळायला हवं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. वाघ आणि बिबट्यांचे नवे पिंजरे जुन्यांपेक्षा खूप मोकळे आहेत, ही समाधानाची गोष्ट.

मृण्मयी, धाकट्याला पाण्याखालची बाजू दाखवा. जमिनीवर डुलतडुलत चालणारा हा पक्षी पाण्यात शिरला की बाणासारखा जातो. काचेला अगदी खाली, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून बघा.

चिंचपोकळीकर
डॉक्टरबाई, पेंग्विन आले तेव्हा तिकीटही वाढलं ना. २०१७ मध्ये पाच रुपयांचे पन्नास झाले. मुलांना २५, आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला १००. ज्यांच्याकडे आहे त्यांना हे काहीच नाही. पण आमच्या चाळीतल्या बायका पोरांना घेऊन आठवड्याला जायच्या, त्या आता वर्षातून एकदा जातात. ती बाग कामगारांच्या मुलांची होती. मला याचं मनापासून दुःख आहे.

निखिल_डोंबिवली
काका, पण पाच रुपयांत पिंजऱ्यांची, बागेची देखभाल होणार कशी? मॉलमधल्या सिनेमाच्या पॉपकॉर्नला याच्या पाचपट मोजतो आपण.

चिंचपोकळीकर
सिनेमाला जे जातात त्यांच्याकडून घ्या की दोनशे. माझं म्हणणं एवढंच, आठवड्यातला एखादा दिवस तरी जुन्या दरात ठेवावा. पालिका शाळेच्या पोरांना मोकळं ठेवावं. झाडाच्या सावलीला पन्नास रुपये पडू नयेत.

रानजाई
काकांना अनुमोदन. सावली सगळ्यांची असावी.

आणि ती सावली आज आहे ती फुकट मिळालेली नाही, हेही सांगते. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा काही शे कोटींचा आराखडा आला होता. त्यात झाडांच्या मुळावर येणारं बरंच काही होतं. सकाळी फिरायला येणाऱ्या काही बायका आणि वनस्पतिप्रेमी यांनी एकेक झाड मोजलं, नावं लिहिली, वारसा समितीपुढे गेल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मूळ आराखडा तसाच्या तसा पुढे गेला नाही. मी बागेत गेले की त्या बायकांची आठवण काढते.

पेठकर
चर्चा छान. आमच्या पुण्याच्या एम्प्रेस गार्डनबद्दल कुणी बोलेना म्हणून मीच बोलतो. ३९ एकर, आणि तीही ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाच चालवते. २६ जानेवारीच्या आसपास फुलांचं प्रदर्शन असतं. शिवाय पिंजरे नाहीत, त्यामुळे वाद नाहीत.

अमोघ७९
आलं पुणं! मी घड्याळ लावून बसलो होतो.

पेठकर
पुणं आल्याशिवाय धागा पूर्ण होतो का? :)

सॅनडिएगोची_स्वाती
हा धागा वाचून राहवलं नाही. मी राहते त्या सॅन डिएगोत बॅल्बोआ पार्क आहे, साधारण १२०० एकर. १९१५ च्या पनामा-कॅलिफोर्निया प्रदर्शनासाठी तिथल्या बऱ्याच इमारती उभ्या राहिल्या आणि पुढे त्यात संग्रहालयं आली. जगप्रसिद्ध सॅन डिएगो झूसुद्धा त्या प्रदर्शनातून मागे उरलेल्या प्राण्यांपासून सुरू झालं. रविवारी दुपारी तिथे उघड्या मंडपात ऑर्गनवादन असतं, फुकट. आईबाबा आले की मी त्यांना तिथे बसवते आणि मुलांना घेऊन पुढे जाते.

सांगायचं असं की इतकं मोठं ठिकाण एका दिवसात 'उरकायला' गेलं की ज्येष्ठ दमतात आणि मुलं किरकिर करतात. आम्ही एक बाग, एक संग्रहालय, एवढंच ठरवून जातो आणि मधे मोठी बैठक मारतो. राणीच्या बागेतही असंच करा. झाडं आणि पेंग्विन सकाळी, मग जेवण, आणि ऊन चढलं की संग्रहालय. लहानपणी परळहून बाबांचा हात धरून यायचे मी तिथे. अकरा वर्षांच्या माझ्या मुलाला अजून दाखवायचं राहिलंय.

लोकलप्रवासी
व्यवहाराचं बोलतो, बाकी सगळ्यांनी छान सांगितलंय.

बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद. ठाण्याहून स्लो लोकल पकडा, भायखळ्याला पूर्वेला उतरा. चालत दहा-पंधरा मिनिटं, मामंजींसाठी टॅक्सी करा. स्टेशनातून लगेच पळू नका, भायखळा स्थानकाची जुनी इमारत सुंदर पूर्ववत केली आहे, त्यालाही युनेस्कोचा पुरस्कार आहे. लेकीच्या प्रकल्पात आणखी एक पान.

शनिवार-रविवार टाळा. मंगळवार किंवा गुरुवार, दार उघडतं त्या वेळेला पोचा. तिकीट ऑनलाइन काढता येतं, रांग वाचते. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला पालिकेचं फुलाफळांचं आणि भाज्यांचं प्रदर्शन याच बागेत भरतं, तारखा बघून घ्या. प्रदर्शन सुंदर असतं पण गर्दी तुफान, मामंजी बरोबर असतील तर सकाळी पहिल्या तासातच.

परतताना लालबागला चिवडा गल्लीत उतरून साताऱ्याला न्यायला चिवडा घ्या.

नाट्यवेडी
एक भर. बागेला लागूनच अण्णाभाऊ साठे नाट्यगृह आहे, नव्याने बांधलेलं. त्या दिवशी प्रयोग असेल आणि मामंजींना नाटकाची आवड असेल तर संध्याकाळ तिथेच. आमच्या लहानपणी बाग आणि मग नाटक हा ठरलेला बेत असायचा.

मृण्मयी_ठाणे
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल जाऊन आलो, गुरुवारी. सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने सांगितलंत.

दार उघडताच आत गेलो. आईंना उर्वशी सापडली! एका माळीदादांना विचारलं, ते स्वतः घेऊन गेले. चार-पाच घोस फुललेले होते आणि बाकीच्या फांद्यांवर ती मलूल पालवी. आईंनी एक पान दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, 'अगदी ओल्या फडक्यासारखं लागतंय.' मग आई माळीदादांशी खताबद्दल बोलत बसल्या. दादा मूळचे कोरेगावचे निघाले. झालं, आम्ही बाकीचे पुढे गेलो आणि त्या तिथेच.

मामंजी जिजाऊंच्या पुतळ्यापाशी खरंच हात जोडून उभे राहिले. पाठारेकाका, तुम्ही बरोबर ओळखलंत.

धाकट्याने डॉक्टरबाईंच्या सांगण्याप्रमाणे काचेपाशी बसकण मारली. एक पेंग्विन काचेच्या पलीकडे त्याच्या नाकासमोरून गेला आणि तो इतका जोरात ओरडला की पहारेकरीही हसले. गुरुवार असल्यामुळे कुणी ढकललं नाही.

संग्रहालयात लेकीने मातीच्या माणसांच्या पगड्यांची चित्रं काढली. दगडी हत्तीचे सांधे ती बोटाने दाखवत होती आणि नवरा, जो दोन तासांत उरकू म्हणत होता, तो मुलांना घारापुरीची आणि मोडलेल्या यारीची गोष्ट सांगत होता. चार कधी वाजले कळलं नाही. संग्रहालय निम्मंच झालं.

चिंचपोकळीकरकाका, तिकिटाच्या खिडकीपाशी तीन मुलं घेऊन एक बाई हिशेब करत उभ्या होत्या. तुमचं म्हणणं तेव्हा मला नीट कळलं. शाळेच्या पालकसभेत हा विषय काढणार आहे, पालिकेला पत्र द्यायचं ठरवलं तर मसुदा कराल का?

चिंचपोकळीकर
करतो. उद्याच करतो. आमच्या विभागातले ज्येष्ठ नागरिक संघाचे लोकही सही करतील. मागणी साधी ठेवू : महिन्यातला एक दिवस जुन्या दरात, आणि पालिका शाळांच्या सहली मोफत.

निखिल_डोंबिवली
माझीही सही धरा. आणि काका, पत्रात देखभालीचा मुद्दाही घाला, म्हणजे उत्तर द्यायला त्यांना सोपं जाणार नाही. हत्ती बघून आलो. मागच्या पायाचे सांधे अगदी स्पष्ट दिसतात.

रानजाई
माझीही सही. मृण्मयी, आईंना सांग, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राहणार असतील तर पुन्हा एक चक्कर मारा. तोपर्यंत सीतेच्या अशोकाला रंग चढलेला असेल. मी बहुतेक शनिवारी सकाळी तिथे असते, भेटलात तर मेणबत्तीचं झाड मी दाखवीन. ते चटकन सापडत नाही.

मृण्मयी_ठाणे
आईंचं परतीचं तिकीट आठ दिवस पुढे ढकललंय. :) शनिवारी येतो, दाराशी भेटू.